रस्त्यापासून दूर गेलेले दुकान : लहान व्यवसायाच्या संकेतस्थळाचे नियोजन

(महाविद्यालयीन व स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



भारतात सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम लिमिटेडने सुरू केली. त्यानंतरच्या तीन दशकांत बँका, रेल्वे, विद्यापीठे आणि शासकीय खाती यांची संकेतस्थळे निर्माण झाली. मोठ्या उद्योगांनी यासाठी स्वतंत्र विभाग उभारले. गावातला सुतार, विणकर, कुंभार, मसाले कांडणारा किंवा खेळणी घडवणारा कारागीर मात्र या व्यवस्थेत बहुधा ग्राहक म्हणूनच आला. स्वतःच्या व्यवसायाचे संकेतस्थळ असलेला उत्पादक म्हणून फार कमी वेळा आला. ही उणीव भरून काढण्यासाठी अलीकडे अनेक महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या गटांना एखाद्या स्थानिक लहान व्यवसायासाठी संकेतस्थळाचा आराखडा तयार करण्याचे प्रकल्प दिले जातात. हेतू स्तुत्य आहे. परंतु अशा प्रकल्पाचे मूल्यमापन कशावरून करावे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रकल्प सादर झाल्याच्या दिवशी संकेतस्थळ कसे दिसते, यावर गुण मिळतात. एक वर्षाने ते चालू आहे का आणि कोणाच्या ताब्यात आहे, याला गुण नसतात. व्यवसायाच्या दृष्टीने मात्र दुसरा प्रश्नच निर्णायक असतो. आजच्या विवेचनाचे सूत्र हेच आहे : विद्यार्थी निघून गेल्यानंतर जे संकेतस्थळ मालकाच्या हातात, मालकाच्या नावावर आणि मालकाच्या कुवतीत राहते, त्याचेच नियोजन यशस्वी म्हणावे.

एक उदाहरण : चन्नपट्टणची खेळणी

हे सूत्र स्पष्ट होण्यासाठी एक प्रत्यक्ष ठिकाण डोळ्यांसमोर ठेवणे उपयुक्त ठरेल. कर्नाटकात बंगळुरूपासून सुमारे ६० किलोमीटर अंतरावर, म्हैसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर चन्नपट्टण हे गाव आहे. लाखकाम केलेल्या लाकडी खेळण्यांसाठी ते देशभर ओळखले जाते. या खेळण्यांसाठी परंपरेने ‘आले मर’ या झाडाचे मऊ, फिकट रंगाचे लाकूड वापरतात. मराठीत हे झाड काळा कुडा या नावाने परिचित आहे. लेथवर फिरणाऱ्या लाकडाला कातारी हत्याराने आकार देतो. मग रंग मिसळलेल्या लाखेची कांडी त्या फिरत्या लाकडावर दाबून धरली जाते. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. शेवटी केवड्याच्या वाळलेल्या पानाने घासून चकाकी आणली जाते. खुळखुळे, भोवरे, चाकांवरचे प्राणी, मण्यांच्या माळा असा माल येथे तयार होतो. या खेळण्यांची भौगोलिक उपदर्शन म्हणून नोंदणी २००५-०६ या वर्षात झाली.

अनेक वर्षे या गावाची मोठी जाहिरात म्हणजे तिथून जाणारा रस्ता होता. बंगळुरू आणि म्हैसूर यांच्यामधील जुना महामार्ग गावातूनच जात असे. प्रवासी थांबत, चहा घेत आणि मुलांसाठी खेळणी विकत घेत. १२ मार्च २०२३ रोजी बंगळुरू–म्हैसूर द्रुतगती मार्गाचे औपचारिक उद्घाटन झाले. हा मार्ग रामनगर आणि चन्नपट्टण ही गावे टाळून बाहेरून जातो. प्रवासाचा वेळ वाचला, इंधन वाचले, गावातील वाहतुकीची कोंडीही कमी झाली. त्याच वेळी रस्त्याकाठच्या दुकानांसमोरून जाणारा ग्राहक दुसऱ्या वाटेने जाऊ लागला. पायाभूत सुविधांचा लाभ आणि त्याची स्थानिक किंमत यांचे हे नमुनेदार उदाहरण आहे. महाराष्ट्रातील वाचकांना सावंतवाडीची आठवण होईल. लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहराबाहेरूनच मुंबई–गोवा महामार्गाचा झाराप–पत्रादेवी हा टप्पा जातो.

समजा, चन्नपट्टणमधील एका कुटुंबाची तीन लेथची कार्यशाळा आहे आणि जवळच्या तंत्रनिकेतनातील चार विद्यार्थ्यांनी तिच्यासाठी संकेतस्थळाचे नियोजन करायचे ठरवले. उदाहरण कल्पित आहे. मात्र त्यांना ज्या प्रश्नांना सामोरे जावे लागेल, ते सर्व खरे आहेत.

पहिली पायरी : ऐकणे आणि मोजणे

नवशिके गट बहुधा रंगसंगतीपासून सुरुवात करतात. वस्तुतः पहिले दोन आठवडे संगणक बंद ठेवला तरी चालेल. कार्यशाळेत बसून तीन गोष्टींची नोंद करणे अधिक आवश्यक आहे. दूरध्वनीवर ग्राहक काय विचारतात? कोणता माल कोण घेतो? आणि महिन्याला किती माल तयार होऊ शकतो?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा असे मिळेल की, निम्म्याहून अधिक वेळ त्याच त्या चौकशांत जातो : घाऊक दर काय, किमान किती नग घ्यावे लागतील, माल किती दिवसांत मिळेल, नमुना पाठवता का. याचा अर्थ, संकेतस्थळाचे पहिले काम या चार प्रश्नांची उत्तरे देणे हे आहे. मालकाचा वेळ वाचला आणि तो लेथवर अधिक काळ बसू शकला, तर विक्रीत एक रुपयाची वाढ होण्यापूर्वीच संकेतस्थळाचा उपयोग झाला, असे म्हणता येईल.

दुसऱ्या प्रश्नातून ग्राहकांचे गट उघड होतात. रस्त्यावरून येणारा पर्यटक एखादे खेळणे घेतो. शहरातला दुकानदार शेकड्याने घेतो. एखादी बालवाडी किंवा शाळा वर्षातून एकदा, ठरावीक महिन्यांत मागणी नोंदवते. या तिघांना एकच पान एकाच भाषेत समाधान देऊ शकणार नाही. कोणता ग्राहक प्रथम हवा, हे मालकानेच ठरवायचे असते. विद्यार्थ्यांनी त्याला पर्याय मांडून दाखवावेत. निर्णय त्याच्या वतीने घेऊ नये.

तिसरा प्रश्न गणिताचा आहे. समजा, एका लेथवर दिवसाला ४० खुळखुळे होतात. तीन लेथवर १२०, आणि महिन्यात कामाचे २५ दिवस धरले तर ३,०००. आता संकेतस्थळ पाहून परराज्यातील एखाद्या दुकानदाराने १०,००० नगांची मागणी केली, तर केवळ ती पुरी करण्यास तीन महिन्यांहून अधिक काळ लागेल आणि नेहमीचे गिऱ्हाईक तोपर्यंत खोळंबेल. म्हणून ‘मोठ्या मागणीसाठी किमान इतके दिवस लागतील’ हे वाक्य पहिल्याच पानावर असणे आवश्यक ठरते. क्षमतेपेक्षा मोठे आश्वासन देणारे संकेतस्थळ व्यवसायाची पत कमी करते, आणि लहान व्यवसायाजवळ पत हेच मुख्य भांडवल असते.

आराखडा : पाच पाने पुरेशी

या टिपणांवरून आराखडा कागदावरच काढावा. अशा कार्यशाळेसाठी पाच पाने पुरतात. मुखपृष्ठावर व्यवसायाचे नाव, ठिकाण, काय बनते आणि संपर्क कसा साधावा, एवढेच असावे. दुसऱ्या पानावर उत्पादने, त्यांची मापे, वजन, कोणत्या वयाच्या मुलासाठी ते खेळणे योग्य आहे आणि दर. तिसऱ्या पानावर निर्मितीची प्रक्रिया. चौथ्या पानावर मागणी नोंदवण्याची रीत : किमान नग, आगाऊ रक्कम, वेळ, वाहतूक, माल तुटल्यास काय. पाचव्या पानावर पत्ता, नकाशा आणि कामाचे तास. महामार्ग गावाबाहेरून गेलेल्या ठिकाणी द्रुतगती मार्गावरून कोठे उतरावे आणि तेथून कार्यशाळा किती अंतरावर आहे, हे दोन ओळींत सांगणे कोणत्याही सजावटीपेक्षा अधिक मोलाचे आहे.

प्रत्येक पानासाठी विद्यार्थ्यांनी एक साधी कसोटी लावावी : या पानावरील माहिती बदलली, तर ती कोण बदलणार आणि किती दिवसांनी? ज्या पानाला या प्रश्नाचे उत्तर नाही, ते पान आराखड्यातून वगळावे. ‘ताज्या घडामोडी’ हे सदर उत्साहाने सुरू होते आणि पहिल्या नोंदीनंतर तसेच राहते. दोन वर्षांपूर्वीची ‘ताजी घडामोड’ पाहणाऱ्या ग्राहकाला दुकान बंद पडले असावे, असे वाटते.

मजकुरातील सत्य आणि कायदा

यानंतरचा टप्पा मजकुराचा. येथे भाषेच्या सौंदर्याइतकीच अचूकता महत्त्वाची आहे, कारण संकेतस्थळावरील प्रत्येक विधान हे ग्राहकाला दिलेले जाहीर आश्वासन असते.

पहिले उदाहरण भौगोलिक उपदर्शनाचे घेऊ. वस्तूंचे भौगोलिक उपदर्शन (नोंदणी व संरक्षण) अधिनियम १९९९ मध्ये मंजूर झाला आणि १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. या कायद्यात नोंदणीकृत मालक आणि अधिकृत वापरकर्ता असा भेद आहे. गावातील खेळण्यांना नोंदणी मिळाली, म्हणजे गावातील प्रत्येक दुकान आपोआप अधिकृत वापरकर्ता झाले, असे होत नाही; उत्पादकाला त्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. म्हणून ‘भौगोलिक उपदर्शनप्राप्त’ असे लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी मालकाकडील नोंदणीपत्र पाहावे. ते नसल्यास अर्ज करण्यास साहाय्य करणे, हे संकेतस्थळ बांधण्यापेक्षाही मोठे काम ठरू शकते.

दुसरे उदाहरण सुरक्षिततेचे आहे. खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० हा १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला आणि खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे मानकचिन्ह आवश्यक ठरले. डिसेंबर २०२० मधील दुरुस्तीने विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी तयार करून विकलेल्या वस्तूंना, तसेच भौगोलिक उपदर्शनाच्या नोंदणीकृत मालकांनी व अधिकृत वापरकर्त्यांनी तयार करून विकलेल्या खेळण्यांना यातून सूट देण्यात आली. म्हणजेच कारागिराची नोंदणी असणे वा नसणे, यावर त्याच्या विक्रीची वैधता अवलंबून आहे. संकेतस्थळाचे नियोजन करताना ही कागदपत्रे तपासली गेली, तर पुढील अडचण टळते. त्याचप्रमाणे ‘संपूर्णपणे विषमुक्त’ असे शब्द सर्रास वापरले जातात. रंग वनस्पतिजन्य असेल तर तो कोणता, आणि चाचणी झाली असेल तर कोणत्या प्रयोगशाळेत, हे सांगता येत असेल तरच असा दावा करावा. एरवी ‘लाखेचा लेप’ एवढे खरे वर्णन पुरेसे आहे.

थेट संकेतस्थळावरून विक्री करायची का, हाही निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागतो. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० हे जुलै २०२० मध्ये अधिसूचित झाले. त्यांनुसार विक्री करणाऱ्या संस्थेने आपले कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क, तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील, एकूण किंमत व तिची फोड, परतावा आणि माल परत घेण्याच्या अटी दर्शवणे आवश्यक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात अपेक्षित आहे. तीन माणसांच्या कार्यशाळेत ही जबाबदारी कोण घेणार? उत्तर नसल्यास संकेतस्थळाने माहिती द्यावी, मागणी दूरध्वनीवर नोंदवावी आणि रक्कम २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय प्रणालीने स्वीकारावी, हा मार्ग अधिक व्यवहार्य असतो. डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झालेल्या ओएनडीसी या खुल्या जाळ्यात पुढे सहभागी होण्याचा पर्यायही राहतो.

ग्राहकाची व्यक्तिगत माहिती हा आणखी एक मुद्दा. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे वेळापत्रक ठरले. लहान संकेतस्थळासाठी यातून घ्यायचा बोध सोपा आहे : जी माहिती लागत नाही ती मागू नये. खेळण्यांचा दर विचारणाऱ्याची जन्मतारीख विचारण्याचे काहीच कारण नाही.

रचना : कोणत्या हातातून पाहिले जाणार आहे?

आता रचनेचा विचार. आपल्या देशात संकेतस्थळ प्रामुख्याने भ्रमणध्वनीवर पाहिले जाते. म्हणून आराखडा प्रथम लहान पडद्यासाठी काढावा आणि मग मोठ्या पडद्यासाठी विस्तारावा. छायाचित्रांचे वजन हा येथील सर्वांत दुर्लक्षित विषय आहे. भ्रमणध्वनीने काढलेले एक छायाचित्र सहज ४ मेगाबाइटचे असते. अशी २० छायाचित्रे म्हणजे ८० मेगाबाइट. सेकंदाला २ मेगाबिट वेगाच्या जोडणीवर ती उतरण्यास ३२० सेकंद, म्हणजे पाच मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागेल. तीच छायाचित्रे प्रत्येकी १५० किलोबाइटपर्यंत लहान केली, तर एकूण वजन ३ मेगाबाइट होते आणि १२ सेकंद पुरतात. ग्राहक पाच मिनिटे थांबत नाही. बारा सेकंद कदाचित थांबेल.

दुसरा विषय वाचनीयतेचा. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने माहिती व तंत्रज्ञानाची सुगम्यता हा हक्काचा विषय केला. शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. खासगी लहान व्यवसायानेही ती वाचण्याजोगी आहेत. जागतिक सुगम्यता मार्गदर्शिकेनुसार सर्वसाधारण आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्यातील प्रकाशभेदाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे. लाखेचा पिवळाधमक रंग खेळण्यावर मोहक दिसतो. पण पांढऱ्या पार्श्वभूमीवर शुद्ध पिवळ्या अक्षरांचे गुणोत्तर जेमतेम १.०७ : १ भरते. ती अक्षरे दृष्टिदोष असलेल्यालाच नव्हे, तर उन्हात उभे राहून भ्रमणध्वनी पाहणाऱ्या कोणालाही वाचता येणार नाहीत. प्रत्येक छायाचित्राला शब्दांत वर्णन जोडले, तर पडदावाचक प्रणाली वापरणाऱ्या अंध ग्राहकालाही माल समजतो.

तिसरा विषय भाषेचा. चन्नपट्टणच्या कार्यशाळेचे संकेतस्थळ कन्नड आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत असणे स्वाभाविक ठरेल. मालकाला स्वतःला जी भाषा वाचता येत नाही, त्या भाषेतील चूक त्याला कधीच सापडणार नाही, हे ध्यानात ठेवावे. मजकूर युनिकोडमध्येच टंकित करावा. जुन्या पद्धतीच्या टंकांत लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांत बदलतो आणि शोधयंत्रालाही सापडत नाही, हा अनुभव मराठीतील जुन्या संकेतस्थळांनाही आलेला आहे. संकेतस्थळाचे नावही आता भारतीय लिपीत घेता येते, देवनागरीतील ‘.भारत’ हे उच्चस्तरीय नाव २०१४ मध्ये उपलब्ध झाले.

मालकी : सर्वांत महत्त्वाचा भाग

येथवरचे सर्व काम उत्तम झाले, तरी पुढील चार गोष्टी राहिल्या तर संकेतस्थळ मालकाचे होत नाही.

पहिली गोष्ट, नाव. ‘.इन’ या नावांची व्यवस्था नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया या संस्थेकडे आहे आणि २००५ पासून ती सर्वसामान्यांसाठी खुली झाली. नाव ठरावीक मुदतीसाठी मिळते आणि मुदत संपण्यापूर्वी शुल्क भरून चालू ठेवावे लागते. उत्साहाच्या भरात गटातील एखादा विद्यार्थी स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ई-पत्त्यावर ही नोंदणी करतो. पदवी मिळाल्यावर तो परगावी जातो, महाविद्यालयाने दिलेला ई-पत्ता बंद होतो, मुदत संपल्याची सूचना कोणापर्यंतही पोहोचत नाही आणि नाव हातचे जाते. मग पावत्यांवर, खोक्यांवर आणि फलकावर छापलेला पत्ता दुसऱ्याच कोणाच्या पानाकडे नेतो. अशा वादांसाठी निवारण धोरण उपलब्ध आहे. पण तीन लेथच्या कार्यशाळेला तो मार्ग परवडणारा नाही. नोंदणी पहिल्या दिवसापासून मालकाच्या नावावर, मालकाच्या ई-पत्त्यावर आणि मालकाच्या भ्रमणध्वनी क्रमांकावर असावी, हा एकमेव सोपा उपाय आहे.

दुसरी गोष्ट, किल्ल्या. परवलीचे शब्द मालकाकडे असावेत. विद्यार्थ्यांना कामापुरता स्वतंत्र प्रवेश द्यावा आणि काम संपताच तो बंद करावा.

तिसरी गोष्ट, प्रताधिकार. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार कलाकृतीचा निर्माता हाच सर्वसाधारणपणे तिचा पहिला मालक असतो. मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, ते काढून घेणारा असतो. विद्यार्थी मात्र बहुधा मोबदला न घेता काम करतात. त्यामुळे छायाचित्रे, मजकूर आणि रचना यांचे हक्क कायद्याने त्यांच्याकडेच राहतात आणि मालकाला ते समजतही नाही. हक्क हस्तांतरित करायचे असतील तर लेखी आणि स्वाक्षरी केलेला दस्तऐवज लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. एका पानाच्या साध्या करारात या दोन्ही गोष्टी नमूद केल्या, तर पुढचा वाद संभवत नाही. कारागिराच्या घराण्यातील नक्षी आणि घडण यांवर विद्यार्थ्यांचा कोणताही हक्क नाही, हेही त्याच पानावर लिहावे.

चौथी गोष्ट, देखभाल. संकेतस्थळाचा वार्षिक खर्च किती आणि तो कोणत्या महिन्यात भरायचा, दर कसे बदलायचे, नवे छायाचित्र कसे लावायचे, अडचण आल्यास कोणाला विचारायचे, हे मालकाच्या भाषेत चार पानांच्या पुस्तिकेत लिहून द्यावे. नंतर विद्यार्थ्यांनी बाजूला बसावे आणि घरातील एका व्यक्तीने ती पुस्तिका वाचून एका खेळण्याचा दर स्वतः बदलून दाखवावा. तो बदलता आला नाही, तर दोष त्या व्यक्तीचा नसून आराखड्याचा आहे, असे मानून तो अधिक सोपा करावा. प्रकल्पाची खरी तोंडी परीक्षा हीच होय.

यशाचे मोजमापही साधेच असावे. दूरध्वनीजवळ एक वही ठेवावी. नवा ग्राहक कोठून कळून आला, काय विचारले आणि मागणी नोंदवली का, या तीन रकान्यांची नोंद संकेतस्थळ सुरू होण्यापूर्वी तीन महिने आणि नंतर तीन महिने ठेवली, तर फरक डोळ्यांना दिसतो. किती जणांनी पान पाहिले या आकड्यापेक्षा, किती जणांनी किमान नगांची संख्या आधीच वाचून फोन केला, हा आकडा कार्यशाळेला अधिक सांगून जातो.

धोरणाची चौकट

स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने हा विषय धोरणांशी जोडून पाहणे आवश्यक आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम २००६ चा आहे. १ जुलै २०२० पासून उद्यम नोंदणी सुरू झाली. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या सुधारित व्याख्येनुसार यंत्रसामग्रीतील गुंतवणूक २.५ कोटी रुपयांपर्यंत आणि वार्षिक उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असलेला उपक्रम सूक्ष्म ठरतो. लघु उपक्रमासाठी या मर्यादा अनुक्रमे २५ कोटी व १०० कोटी, तर मध्यमसाठी १२५ कोटी व ५०० कोटी आहेत. तीन लेथची कार्यशाळा आणि कोट्यवधींची उलाढाल करणारा कारखाना हे दोघेही एकाच ‘सूक्ष्म’ वर्गात बसू शकतात, ही बाब उत्तर लिहिताना विसरू नये. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ पारंपरिक व्यवसायांत बाहुल्या व खेळणी तयार करणाऱ्यांचा समावेश आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य, दोन टप्प्यांत एकूण तीन लाख रुपयांपर्यंतचे सवलतीचे कर्ज, डिजिटल व्यवहारांना प्रोत्साहन आणि विपणन साहाय्य ही तिची अंगे आहेत. दुसरीकडे, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांच्या सान्निध्यात शिकावे, असे सुचवले आहे. शिक्षण आणि स्थानिक उद्योग यांना जोडणारा दुवा धोरणात आहे. त्याला आकार देणे हे विद्यार्थी व शिक्षकांच्या हाती आहे.

या चौकटीत पाहिले असता डिजिटल दरीचा अर्थ अधिक नेमका होतो. जोडणी मिळणे ही पहिली पायरी, वापरता येणे ही दुसरी. तिसरी पायरी म्हणजे त्या साधनावर स्वतःचा ताबा असणे. मोठ्या विक्रीमंचांवर कारागिराचा माल जातो, तेव्हा पहिल्या दोन पायऱ्या पूर्ण होतात. ग्राहकाची ओळख आणि विक्रीच्या अटी मात्र मंचाकडे राहतात. स्वतःच्या नावावरचे पाच पानांचे संकेतस्थळ या मंचांना पर्याय ठरेलच असे नाही, परंतु वाटाघाटीत कारागिराला उभे राहण्यापुरती स्वतःची जागा ते निश्चित देते.

महामार्ग कोठून जावा, हे कारागीर ठरवू शकत नाही. तो दूर गेल्यावर ग्राहकापर्यंत पोहोचण्याची दुसरी वाट कोणती आणि ती कोणाच्या नावावर असावी, हे मात्र ठरवता येते. स्थानिक व्यवसायासाठी आराखडा काढणाऱ्या प्रत्येक विद्यार्थी गटाने आपल्या अहवालाच्या अखेरीस एक वाक्य अवश्य लिहावे : ‘नाव, किल्ल्या, हक्क आणि पुस्तिका मालकाच्या स्वाधीन केल्या.’ त्याखाली मालकाची स्वाक्षरी असावी आणि परीक्षकांनी गुण देण्यापूर्वी ती पाहावी. आपापल्या गावातील एखादी कार्यशाळा, खानावळ किंवा हातमाग निवडून या कामाला आरंभ करण्यास कोणत्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही.